तर्कशास्त्र, मिरगाचे वाहन आणि मी

‘सर्व खाटा झाडे आहेत. सर्व झाडे पक्षी आहेत. म्हणून सर्व खाटा पक्षी आहेत.’ हा युक्तिवाद बरोबर की चूक?

मी प्रथम वर्षाला दाखल झाले तेव्हा स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शन वर्गात पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर हे लिहिले. वर्गातल्या झाडून सगळ्या मुलामुलींनी ‘चूक’ असे उत्तर दिले. मी तर वहीत ‘चूक’ या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली होती. खाट कुठे उडते का? सर हसून म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’ आम्हाला वाटले, आमचे उत्तर बरोबर आहे. त्यांना म्हणायचे होते, युक्तिवाद बरोबर आहे! त्या दिवशी बुलढाण्याहून गावाकडे जाणाऱ्या एस.टी.त खिडकीशी बसून मी या खाटांचाच विचार करीत होते. ज्या शास्त्रात खाटा पक्षी होतात ते शिकून माणूस तहसीलदार कसा होतो, हे काही केल्या उमगेना.

परंतु परीक्षेत हे असतेच. केंद्रीय लोकसेवा आयोगाने 2011 साली पूर्वपरीक्षेत कल चाचणीचा, म्हणजे ज्याला आमची मुले ‘सी-सॅट’ म्हणतात तो पेपर आणला. आपल्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने 2013 पासून राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत त्याचा समावेश केला. 2 तास, 80 प्रश्न, 200 गुण. पुढे तो केवळ पात्रतेपुरता ठरला, किमान 33 टक्के मिळाले की पुरे. तरीही चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापला जातो, त्यामुळे अंदाजपंचे ठोकून देणे महागात पडते. उतारे, गणित, आकृत्या यांच्या जोडीला ‘खालील विधानातील गृहीतक कोणते’, ‘पुढील युक्तिवाद सबळ की दुर्बळ’, ‘यावरून कोणता निष्कर्ष निघतो’ असे प्रश्न त्यात येतात. ते सोडविताना मला जे उमगले, आणि जे उशिरा उमगल्यामुळे आमच्या घरी बियाण्याच्या तीन पिशव्या मातीत गेल्या, ते या लेखात सांगणार आहे.

प्रथम खाटांचा प्रश्न मिटवू. तर्कशास्त्राला खाट, झाड, पक्षी यांच्याशी कर्तव्य नाही. ते एवढेच विचारते की पहिली दोन वाक्ये खरी मानली, तर तिसरे मानणे भाग पडते की नाही? एक लहान वर्तुळ काढा, ते खाटांचे. ते झाडांच्या मोठ्या वर्तुळात आहे आणि झाडांचे वर्तुळ पक्ष्यांच्या त्याहून मोठ्या वर्तुळात आहे. आता खाटांना पक्ष्यांच्या बाहेर जायला वाट उरते का? उरत नाही. म्हणून युक्तिवाद वैध. खोटी आहेत ती आधारविधाने, आणि तो निराळा मुद्दा झाला.

याच्या उलटचा प्रकार अधिक फसवा आहे. हे पाहा: ‘बुलढाणा जिल्ह्यातील तेराही तालुके विदर्भात आहेत. मेहकर विदर्भात आहे. म्हणून मेहकर बुलढाणा जिल्ह्यातील तालुका आहे.’ तिन्ही वाक्ये सोळा आणे खरी! वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सरांनी मेहकर पुसून तेथे पुसद लिहिले. पुसदही विदर्भातच आहे, पण ते यवतमाळ जिल्ह्यात. मेहकरचा निष्कर्ष खरा होता, पण तो त्या दोन वाक्यांतून निघत नव्हता. आपल्याला आधीच ठाऊक होता म्हणून पटला, इतकेच. मला वाटते, जे आपल्याला आधीपासून पटलेले असते त्याच्या समर्थनार्थ कोणी काहीही सांगितले तरी आपण ते तपासत नाही. पुसदसारखे दुसरे नाव तेथे घालून पाहणे, ही माझ्या मते या विषयातील सर्वांत उपयोगी युक्ती होय. मार्गदर्शक पुस्तकांत तिला चार ओळींत गुंडाळलेले असते.

आपल्याकडच्या नैयायिकांनीही हे फार पूर्वी ओळखले होते. डोंगरावर धूर दिसला, सबब तेथे अग्नी आहे, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच अवयवांत ते मांडतात. धूर तेथे अग्नी हे ठीक, पण अग्नी तेथे धूर असे म्हणता येईल का? ते म्हणतात, नाही, लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा पाहा, त्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धूर व्हायला इंधन ओले लागते. माझ्या आईने न्यायसूत्रे ऐकलेलीही नाहीत, पण ओली पळाटी चुलीत घातली की घर धुराने भरते आणि वाळलेल्या तुराट्या धडधड जळतात, हे तिला पक्के ठाऊक आहे.

आता युक्तिवाद ओळखायचा कसा? पुस्तके सांगतात की ‘कारण’ या शब्दापुढे आधार असतो आणि ‘म्हणून’ या शब्दापुढे निष्कर्ष. इंग्रजीचे मला ठाऊक नाही, पण मराठीत हा नियम ‘म्हणून’पाशीच ठेच खातो. ‘चंद्री म्हणून आमची एक म्हैस होती’ यात कसला निष्कर्ष? ‘डॉक्टर व्हायचे म्हणून तो अकोल्याला गेला’ यात हेतू आहे. ‘विहीर आटली म्हणून मोटार जळाली’ हा वरवर युक्तिवाद दिसतो, पण मोटार जळाली हे सर्वांना मान्यच आहे. ते सिद्ध करायचे नसून कशाने जळाली ते सांगायचे आहे. तेव्हा ते स्पष्टीकरण झाले. ‘विहिरीत पाणी दिसत नाही, म्हणून मोटार जळाली असणार’ असे कोणी न पाहता म्हणाला, तर मात्र तो युक्तिवाद. भेद एका ‘असणार’ने पडला. शिवाय आपण बोलताना पुष्कळदा ‘म्हणून’ वापरीतही नाही. ‘‘तिले काय समजते, पोरगी हाये ते!’’ या वाक्यात आधारही आहे, निष्कर्षही आहे आणि न बोललेले तिसरे वाक्यही आहे: पोरींना समजत नाही. उच्चारलेल्या वाक्याशी भांडून उपयोग नसतो, कारण ‘पोरगी हाये’ हे खरेच असते.

या न बोललेल्या वाक्याला गृहीतक म्हणतात आणि परीक्षेतील निम्मी गंमत तेथेच आहे. त्याचे जिल्ह्यातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे आपले लोणार.

आमची सहल मेहकरमार्गे लोणारला गेली होती. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा तो गोल खळगा काठावरून पाहताना बोलणे सुचत नाही. तो कसा झाला? लवणासुराची कथा सर्वांना ठाऊक आहे, दैत्यसूदनाचे देऊळ तिचीच आठवण देते. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ पुष्कळ अभ्यासकांचा असा समज होता की हे ज्वालामुखीचे काम आहे. युक्तिवाद सरळ दिसतो: भोवतालचा सारा खडक काळा पाषाण, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हाचा आहे, त्या खडकात हा खळगा आहे, म्हणून खळगाही ज्वालामुखीनेच पाडला. दोन्ही आधारविधाने खरी आहेत. न बोललेले वाक्य शोधा! ‘खडक ज्याने केला, त्या खडकातला खळगाही त्यानेच केलेला असतो.’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहिले की त्यातील पोकळपणा आपोआप ऐकू येतो. आमच्या घराच्या भिंती गवंड्याने बांधल्या, त्यातील बीळ उंदराने पाडले.

1973 साली फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लोणारविषयी निबंध प्रसिद्ध केला. तळाखालचा खडक फुटून चुरडलेला सापडला. त्यात मॅस्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ मिळाला. खडकातील फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड दाबाचा तडाखा बसला की ते होते, ज्वालामुखीच्या साध्या उष्णतेने होत नाही. म्हणजे आकाशातून येऊन आदळलेल्या अशनीचे हे विवर ठरले. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षे, तर नंतरच्या दुसऱ्या पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे निघाले. या दोन आकड्यांत मोठी तफावत आहे, पण कोणताही घेतला तरी लाव्हाचे पर्व तेव्हा केव्हाच संपले होते.

गृहीतक पकडण्याची सरांनी सांगितलेली कसोटी अशी: जे वाक्य गृहीतक वाटते त्याला नकार लावून पाहावा. नकार लावताच युक्तिवाद कोसळला, तर ते खरे गृहीतक. ‘लाव्हाच्या खडकात दुसऱ्या कारणानेही खळगा पडू शकतो’ असे म्हणताच ज्वालामुखीवाल्यांचा निष्कर्ष कोसळतो. उलट ‘लोणारचे पाणी खारट आहे’ याला नकार लावला तरी त्याला धक्का बसत नाही, सबब ते गृहीतक नव्हे. पर्यायांत अशी खरी पण निरुपयोगी वाक्ये मुद्दाम पेरलेली असतात आणि खरी असल्यामुळेच आपण त्यांना भुलतो.

हे सर्व प्रथम वर्षाच्या अखेरीस मला चांगलेच येऊ लागले होते. सराव प्रश्नांत 10 पैकी 8, 9 बरोबर येत. आणि माझ्या जिभेला धार आली होती, तीच पुढे नडली.

आमच्या जिल्ह्यात पावसाच्या भाकितांना तोटा नाही. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी तर महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. अक्षय्य तृतीयेला शेतात गोल घट आखून त्यात 18 प्रकारची धान्ये मांडतात. मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई वगैरे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत काय बदल झाला ते पाहून पीकपाणी सांगतात. ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात. आमचे आबा मात्र पंचांगातले वाहन पाहतात. सूर्य ज्या नक्षत्रात असतो त्यापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, 9 ने भागायचे आणि बाकीवरून वाहन ठरवायचे. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले की पाऊस भरपूर, कोल्हा निघाला की कपाळाला हात. आबांना वाचता येत नाही, पंचांग मीच वाचून दाखविते.

गेल्या जूनमध्ये मिरगाचे वाहन आबांच्या मनासारखे निघाले नाही. ‘‘आर्द्रा लागल्याबिगर पेरू नोका,’’ ते बाबांना म्हणाले. तेवढ्यात एका संध्याकाळी पाऊस झाला, चांगला तासभर. गावात पेरणीची घाई उडाली. बाबा ओट्यावर बसून विचार करीत होते आणि मी, घरातील पहिली महाविद्यालयीन विद्यार्थिनी, उभी राहून व्याख्यान देऊ लागले. वाहन हे भागाकाराच्या बाकीवरून ठरते. भागाकाराला ढग ठाऊक नाहीत. म्हणजे आबांच्या सांगण्याला आधार नाही. म्हणून पाऊस लांबणार हे खोटे. म्हणून पेरायला हरकत नाही! बाबा माझ्याकडे पाहत राहिले. ते सहावीत शाळा सोडलेले आहेत. मी बोलत असताना त्यांच्या तोंडावर जे समाधान होते, ते आठवले की मला आजही कसेसे होते. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सांगितला, तीन एकरांत सोयाबीन पेरले.

त्यानंतर 19 दिवस आभाळ कोरडे राहिले. कोंब वर आले, पाचव्या-सहाव्या दिवशी माना टाकू लागले आणि पुढे करपले. दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याच्या तीन पिशव्या आणि ट्रॅक्टरचे भाडे गेले. दुसऱ्या वेळचे बियाणे उधारीवर आणले. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. गाव मात्र बोलले: ‘‘वाहन खरं ठरलं, अन् कालेजातली पोर खोटी पडली. काय करता शिकवून?’’

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा सरांनी सबळ-दुर्बळ युक्तिवादांचे प्रकरण घेतले आणि बोलता बोलता सहज म्हणाले, ‘‘एखादा युक्तिवाद दुर्बळ आहे एवढ्यावरून त्याचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. फक्त तो सिद्ध झालेला नसतो.’’ मी लिहिता लिहिता थांबले. मेहकर! मेहकरचा युक्तिवाद चुकीचा होता, पण म्हणून मेहकर बुलढाणा जिल्ह्याबाहेर गेले का? आबांचा आधार फोल होता, हे मी दाखविले ते योग्यच होते. पण त्यातून एवढेच निघत होते की पाऊस लांबेल की नाही ते आपल्याला ठाऊक नाही. मी मात्र ‘ठाऊक नाही’वरून उडी मारून ‘पडणारच’वर गेले. माझे न बोललेले वाक्य असे होते: ज्याचा आधार खोटा, त्याचे सांगणेही खोटे. वर्षभर दुसऱ्यांची गृहीतके शोधणाऱ्या मला माझे स्वतःचे दिसले नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी वहीत तीन युक्तिवाद एकाखाली एक लिहिले: आबांचा, माझा आणि गावाचा. गावाचा तर त्यातून सर्वांत लंगडा आहे. वाहन एकदा जुळले म्हणून ते खरे, असे म्हणायचे तर न जुळलेली वर्षे कोणी लिहून ठेवली आहेत? भेंडवळचे असो वा पंचांगाचे, भाकीत तपासायचे तर ते आधी शब्दशः लिहून ठेवावे लागेल आणि बरोबर व चूक दोन्ही रकाने भरावे लागतील. ‘पाऊस साधारण राहील’ हे वाक्य कोणत्या वर्षी खोटे ठरेल? शिवाय एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले, असे होत नाही. 2020 च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. तेव्हा टाळेबंदी होती, कोणी तिच्याशीही संबंध जोडला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्या रंगाला कारण निघाले. गावाच्या युक्तिवादाचा शेवटचा तुकडा, ‘म्हणून पोरींना शिकवू नये’, त्याला तर आधारविधानांशी नातेच नाही. पोर चुकली ती शिकल्यामुळे नव्हे, अर्धे शिकून थांबल्यामुळे, असेही त्यावरून म्हणता येईल. मात्र हे मी पारावर जाऊन सांगितले नाही. व्याख्यानाची हौस तूर्त फिटली होती.

बाबांना मात्र वही दाखविली. त्यांनी तिन्ही युक्तिवाद मला वाचायला लावले, दोनदा. मग विचारले, ‘‘त्या रातचा पाऊस पडला कितीक होता, हे कोनं मोजलं होतं?’’

कोणीही मोजला नव्हता. कृषी विभाग दर वर्षी कानीकपाळी ओरडत असतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याखेरीज पेरू नका. मी तर वाहन खोडून काढण्यात एवढी गुंतले होते की ओल किती हा साधा प्रश्नच कोणाच्या ओठी आला नाही. आबांनीही विचारला नाही, मीही नाही.

बाबांनी गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, वरचा पत्रा सगळा कापून काढला, कड ठोकून सरळ केली आणि अंगणात उघड्यावर, वळचणीपासून दूर, विटांत पक्का बसविला. तोंड आणि बूड सारख्याच मापाचे असले की डबा केवढाही चालतो. सकाळी माझी कंपासपेटीतील पट्टी उभी बुडवायची आणि पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये लिहायची. गेल्या ऑगस्टपासून दसऱ्यापर्यंत 26 नोंदी झाल्या. त्यांतील पहिल्या माझ्या अक्षरात आहेत, नंतरच्या बाबांच्या. मी कॉलेजला निघायच्या आत आबा काठी टेकीत डब्यापाशी जाऊन उभे राहतात. आकडे त्यांना वाचता येत नाहीत, म्हणून बोट बुडवून पाहतात आणि पेरांवर मोजतात. एकदा ते ‘‘दोन पेरं’’ म्हणाले आणि पट्टी 47 दाखवीत होती. त्यावर बराच वाद झाला.